वहीत न उतरलेला हिशेब

वसंत व्याख्यानमाला जवळ आली की कार्यकर्त्यांपुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो: खुर्च्या किती मांडाव्यात? समजा, गेल्या वर्षीच्या टिपणात ३०० खुर्च्या मांडल्याची आणि त्या सर्व भरल्याची नोंद आहे. ती वाचून कोणी सहज म्हणेल, "मग झाले तर! ३०० पुरतात." पण मंडपाच्या दाराशी येऊन, आत डोकावून, बसायला जागा नाही असे पाहून जे मुकाट्याने घरी परतले, त्यांची नोंद कोणी ठेवली? ते १० होते की २००, हे टिपणावरून कळत नाही. टिपणात आलेल्यांची संख्या आहे. येऊ इच्छिणाऱ्यांची नाही. दोन्ही एकच मानल्या की हिशेब बिनचूक असूनही निर्णय चुकतो.

आज विद्यापीठांतून 'व्यवसाय-विश्लेषण' ह्या भारदस्त नावाने जे शिक्षण दिले जाते, त्याचे मर्म ह्या खुर्च्यांच्या प्रश्नात आहे, असे आम्ही म्हटले तर काहींना ते थट्टेचे वाटेल. त्या शिक्षणाची माहितीपत्रके पाहावीत तर त्यांत संगणक, संख्याशास्त्र, भाकिते, आलेख ह्यांची रेलचेल असते. त्यासाठी आईबाप आयुष्याची पुंजी मोडतात किंवा बँकेचे कर्ज काढतात. उलट पेठेतला जुना व्यापारी हसून विचारतो, "आमच्या आजोबांनी ६० वर्षे दुकान चालवले, ते कोणत्या विद्यापीठात शिकून?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच ह्या शिक्षणात शिकण्यासारखे नेमके काय आहे, हे आपण एका घरगुती उदाहरणावरून पाहू.

शेवटच्या मोदकाचा प्रश्न

समजा, आपल्याच गावात एक कुटुंब गणेशचतुर्थीला उकडीचे मोदक करून विकते. एका मोदकाला तांदळाची पिठी, नारळ, गूळ, तूप आणि इंधन मिळून २० रुपये खर्च येतो. विक्री ३० रुपयांना होते. उकडीचा मोदक दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. उरला तो वाया गेला. दुकानाच्या वहीत गेल्या ९ वर्षांची विक्री लिहिलेली आहे. लहानापासून मोठ्यापर्यंत ती अशी मांडता येते: ३००, ३५०, ४००, ४००, ४५०, ४५०, ५००, ५५० आणि ६५०. यंदा मोदक किती करावेत?

शाळेत गणित शिकलेला मुलगा सरासरी काढील. बेरीज ४,०५०, तिला ९ ने भागले की ४५०. उत्तर सुटसुटीत आहे, पण ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. विश्लेषण शिकलेला विद्यार्थी सरासरीपाशी थांबत नाही. तो एकेका मोदकाकडे पाहतो आणि विचारतो, "हा आणखी एक मोदक केला तर काय होईल?" तो विकला गेला तर १० रुपये मिळतील, उरला तर २० रुपये बुडतील. ४०० वा मोदक घ्या. ९ वर्षांपैकी ७ वर्षी तो खपला असता आणि २ वर्षी उरला असता. म्हणजे लाभ ७०, हानी ४०. तो जरूर करावा. आता ४०१ वा घ्या. तो ५ वर्षी खपला असता, ४ वर्षी उरला असता. लाभ ५०, हानी ८०. तो करू नये. तेव्हा आकडा ४५० नव्हे, ४०० आहे. पडताळाही घेता येतो. दरवर्षी ४५० मोदक केले असते तर ९ वर्षांत ३०,००० रुपये नफा झाला असता; ४०० केले असते तर ३१,५००. कमी करून अधिक मिळाले!

हाच मोदक ८० रुपयांना खपत असता तर उत्तर ५०० आले असते, कारण आता एक मोदक कमी पडला तर ६० रुपये हुकतात आणि उरला तर २० च बुडतात. मागणी तीच, वही तीच. पण चुकण्याची किंमत बदलली की योग्य आकडा बदलतो. वर्तमानपत्रांच्या अंकांना, भाजीला, विमानातल्या जागांना आणि रक्तपेढीतल्या बाटल्यांनाही हाच विचार लागू पडतो. कमी पडण्याची झळ कोणती, उरण्याची झळ कोणती, हे आधी मापावे आणि मग आकडा ठरवावा.

कारखान्याचा प्रश्न, विद्यापीठाचे उत्तर

एका धंद्यात सापडलेला विचार सतरा धंद्यांना लागू करून दाखवणे, हे विद्यापीठाचे खरे काम होय. ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण सोव्हिएत रशियातले आहे. १९३८ साली लेनिनग्राडमध्ये प्लायवूडच्या उद्योगातील मंडळी एक अडचण घेऊन गणितज्ञांकडे आली. लाकडाचे पापुद्रे काढणारी ८ यंत्रे आणि ५ जातींचे लाकूड. प्रत्येक यंत्राचा प्रत्येक लाकडावरचा वेग निराळा. तर कोणत्या यंत्राला कोणते लाकूड किती वेळ द्यावे, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात जास्तीत जास्त माल निघेल? हा प्रश्न लिओनिद कांतोरोविच ह्या विद्यापीठातील तरुण गणितज्ञाने हाती घेतला. त्याचे वय तेव्हा २६ वर्षांचे होते.

कांतोरोविचच्या ध्यानात आले की, हा केवळ प्लायवूडचा प्रश्न नाही. कोणत्या शेतात कोणते पीक घ्यावे, पत्रा कसा कापावा म्हणजे कमी वाया जाईल, माल कोणत्या मार्गाने न्यावा, ह्या सर्वांचा सांगाडा तोच आहे. १९३९ साली त्याने त्यावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग ह्याने १९४७ साली अशा प्रश्नांची उत्तरे काढण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली. ह्या गणिताला आता 'रेषीय नियोजन' म्हणतात, आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ते बहुतेक ठिकाणी शिकवले जाते. १९७५ साली कांतोरोविचला त्याबद्दल अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक, त्यालिंग कूपमन्स ह्या अर्थशास्त्रज्ञाबरोबर विभागून, मिळाले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने ह्या गणितातली एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. उत्तराबरोबरच ते प्रत्येक अपुऱ्या साधनाची एक छुपी किंमत सांगते: हे यंत्र आणखी एक तास मिळाले असते तर उत्पन्न किती वाढले असते? ही किंमत कोणत्याही बिलावर छापलेली नसते, कोणत्याही खतावणीत तिचे खाते नसते. तरीसुद्धा नवे यंत्र घ्यावे की न घ्यावे, हे ठरते तिच्यावरूनच. तात्पर्य, वहीत जे लिहिलेले नाही ते वाचायला शिकणे, ही ह्या विद्येची पहिली पायरी आहे.

परत न आलेली विमाने

आता मोदकांच्या वहीकडे पुन्हा वळू. त्या ९ आकड्यांत ४०० दोनदा आला आहे आणि ४५० दोनदा. हुशार विद्यार्थ्याला येथे शंका यायला हवी. तो दुकानात जाऊन आजीबाईंना विचारतो आणि उत्तर मिळते, "अरे, त्या वर्षी आम्ही केलेच होते तेवढे! ११ वाजता टोपली रिकामी." म्हणजे ९ पैकी ४ आकडे मागणीचे नव्हतेच, ते टोपलीच्या तळाचे होते. किती माणसे रित्या हाताने परत गेली, ते वहीला ठाऊक नाही. आमचे मघाचे सुबक गणित अपुऱ्या पुराव्यावर उभे होते!

ही फसगत केवळ मोदकवाल्याची नाही. मोठमोठ्या संस्थांचीही होते. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञांचा एक गट युद्धखात्यासाठी काम करीत होता. त्यात अब्राहम वाल्ड हा गणितज्ञ होता. त्या काळच्या हंगेरीत जन्मलेला, व्हिएन्नात शिकलेला हा ज्यू पंडित १९३८ साली अमेरिकेत आला होता. १९४३ साली त्याच्यापुढे प्रश्न आला तो असा: मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा कोठे किती आहेत ह्याची नोंद आहे, त्यावरून विमानाचा कोणता भाग सर्वांत नाजूक आहे ते सांगा. सामान्य माणूस म्हणेल, जेथे खुणा जास्त तेथे पत्रा जाड करा. वाल्डने ओळखले की, ही नोंद फक्त परतलेल्या विमानांची आहे. विमानाच्या सर्व भागांवर गोळ्या लागत असताना परतलेल्या विमानांच्या इंजिनावर खुणा कमी दिसत असतील, तर त्याचा अर्थ असा की, इंजिनावर गोळी बसलेली विमाने परत आलीच नाहीत. न परतलेल्यांचा अंदाज परतलेल्यांवरून कसा बांधावा, ह्याची रीत त्याने आपल्या टिपणांत मांडली.

ह्या वाल्डचा शेवट आपल्याच देशात झाला. १९५० साली तो भारतात व्याख्यानांसाठी आला असता, डिसेंबर महिन्यात निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान-अपघातात तो पत्नीसह मृत्यू पावला. न परतलेल्या विमानांचा हिशेब मांडणारा माणूस स्वतःच्या विमानातून परतला नाही, ही दैवाची विचित्र लीलाच म्हणायची. परंतु त्याची दृष्टी मागे राहिली. धंद्यातली तिची रूपे पाहा. दुकानदार असलेल्या गिऱ्हाइकांना विचारतो, "माल कसा आहे?" आणि सगळे "छान" म्हणतात, ज्यांना तो आवडला नाही ते केव्हाच दुसऱ्या दुकानी गेलेले असतात. यशस्वी कारखानदारांची चरित्रे वाचून तरुण म्हणतो, "धाडस केले की यश मिळते"; तितकेच धाडस करून बुडालेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

पहाटे ३ वाजता उठणाऱ्यांचे श्रम

मोदकांच्या वहीत आणखी एक रकाना नाही, आणि तो आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. एका मोदकाला २० रुपये खर्च येतो असे आम्ही म्हटले. त्यात पिठी आली, नारळ आला, गूळ आला. पण पहाटे ३ वाजता उठून उकड काढणारी, नारळ खवणारी, एकेका मोदकाला कळ्या पाडणारी घरातली आई, काकू आणि सून ह्यांच्या श्रमांचे काय? ते घरचे म्हणून फुकट धरले. अर्थशास्त्र म्हणते, फुकट काहीच नसते. त्या वेळात दुसरे काही करता आले असते, निदान झोप तरी घेता आली असती, आणि जे सोडले ते खर्चातच धरले पाहिजे.

एका मोदकामागे श्रमांचे अवघे ५ रुपये धरू. आता खर्च २५ झाला. विकलेल्या मोदकावर ५ मिळतात, उरलेल्यावर २५ जातात. ३५१ वा मोदक ७ वर्षी खपेल आणि ३५ रुपये देईल. २ वर्षी उरेल आणि ५० नेईल. तो करू नये. उत्तर ४०० वरून ३५० वर आले. आणि दरवर्षी ४०० केले असता जो ३१,५०० रुपये नफा म्हणून मिरवत होता, त्यातले १८,००० रुपये नफा नव्हतेच. ती घरातल्या बायकांची न दिलेली मजुरी होती. खरा नफा उरतो १३,५००. येथे गणिताने कोणाचीही टीका केली नाही. केवळ एक रकाना वाढवला. पण त्या एका रकान्याने घरातल्या माणसांचे एकमेकांशी असलेले नाते उघडे केले.

पाहा, न लिहिलेल्या दोन गोष्टी दोन विरुद्ध दिशांना ओढीत आहेत. परत गेलेली गिऱ्हाइके सांगतात, "मोदक अधिक करा", न मोजलेले श्रम सांगतात, "कमी करा." अशा वेळी शहाणा विश्लेषक आणखी एक आकडा फेकून मोकळा होत नाही. तो परिस्थितीच बदलता येईल का, हे पाहतो. चतुर्थीच्या आधी ८ दिवस आगाऊ नोंदणी घ्या, म्हणजे किती लागतील त्याचा अंधार कमी होईल. जे रित्या हाताने परत जातात त्यांच्या नावांपुढे एक खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीची वही खरे बोलेल. श्रमांची मजुरी खर्चात धरा आणि मग भाव ठरवा. हे सांगायला मोठे यंत्र लागत नाही. पण तेथवर पोहोचायला मात्र विचारांची शिस्त लागते.

मग विद्यापीठात काय शिकावे?

आपल्याकडे वाणिज्यशिक्षण नवे नाही. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ सालचे, पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ सालचे. व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण त्यानंतर आले. १९६१ साली अहमदाबादची संस्था हार्वर्डच्या सहकार्याने निघाली, आणि १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था स्टॅनफर्डच्या सहकार्याने. वाणिज्य महाविद्यालयाचा मुख्य भर वही नीट लिहिण्यावर होता. वही वाचून पुढचे पाऊल ठरवण्यावर भर आला तो ह्या संस्थांत.

अहमदाबादच्या संस्थेबरोबर एक अध्यापनपद्धती आपल्याकडे रुजली. हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयात १९२१ साली एका बूट-कारखान्याविषयी पहिले लिखित प्रकरण तयार झाले, आणि तेव्हापासून तेथे व्याख्यानापेक्षा प्रकरणांच्या चर्चेवर भर आहे. खऱ्या धंद्यातला खरा पेच विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा, आणि "तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?" असे विचारायचे. उत्तर दिले की वर्गातले ५० जण त्यावर तुटून पडतात. दुकानात चूक झाली तर भांडवल जाते. वर्गात चूक झाली तर केवळ अभिमान जातो. चुकण्याची इतकी स्वस्त सोय दुसरीकडे कोठे मिळणार?

मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डने २०१० साली असेच एक प्रकरण प्रसिद्ध केले. मावळ-जुन्नर भागातून आलेली ही माणसे, डब्याच्या झाकणावरील खुणा आणि लोकलगाडीचे वेळापत्रक ह्यांच्या बळावर रोज केवढे काम तडीस नेतात, हे जगभरचे विद्यार्थी त्यातून शिकले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. परंतु साठ लाख डब्यांमागे एक चूक, हा जो आकडा भाषणांतून वारंवार ऐकू येतो, तो ऐकून टाळ्या वाजवणारा विद्यार्थी ही विद्या शिकला असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने विचारले, "चूक कशाला म्हटले? उशिरा पोहोचलेला डबा चुकीत धरला का? मोजले कोणी, आणि ज्याला डबा मिळाला नाही त्याने तक्रार कोठे लिहिली?" तो शिकला. त्या प्रश्नांनी डबेवाल्यांच्या कर्तबगारीला बाध येत नाही. उलट, जे खरोखर थोर आहे त्याला फुगवलेल्या आकड्याच्या कुबड्या लागत नाहीत.

आज बेरजा-भागाकार तर सोडाच, पण आम्ही वर मांडलेले सर्व गणित संगणक क्षणार्धात करतो, आणि विचारले तर सुरेख अहवालही लिहून देतो. म्हणूनच केवळ एखादे संगणकी साधन चालवता येणे म्हणजे विश्लेषण, असे समजून जे तरुण शुल्क भरतात त्यांच्याविषयी आम्हांला काळजी वाटते. साधने बदलतील, आज शिकलेले साधन उद्या अडगळीत जाईल. पण वहीत काय नाही, हे साधन सांगत नाही. ते सांगायला दुकानात जाऊन आजीबाईंशी बोलावे लागते.

तेव्हा ज्या पालकांना मुलामुलींना ह्या शिक्षणासाठी पाठवायचे आहे, त्यांनी इमारत आणि माहितीपत्रक पाहून भुलू नये. तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, विद्यार्थ्याला खऱ्या दुकानात, कारखान्यात, बाजार समितीत पाठवून आकडे स्वतः गोळा करायला लावतात की आयते आकडे हातात देतात? दुसरी, त्याच्या उत्तराला वर्गात कोणी विरोध करतो की केवळ गुण देतो? तिसरी, आपले उत्तर कितपत चुकू शकेल, हे उत्तराबरोबरच सांगण्याची सवय त्याला लावतात का? ह्या तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल, तर घातलेला पैसा सत्कारणी लागला म्हणावे. नसेल, तर मुलाला पदवी मिळेल, नोकरीही कदाचित मिळेल; पण ती दृष्टी मिळणार नाही.

आणि त्या जुन्या व्यापाऱ्याला आम्ही एवढेच म्हणू: आजोबांना विद्यापीठ लागले नाही, कारण परत जाणारे गिऱ्हाईक त्यांना गादीवरून डोळ्यांनी दिसत होते, आणि त्याचे नावही ठाऊक होते. आता दुकान मोठे झाले, गिऱ्हाईक अनोळखी झाले, गादी आणि गल्ला ह्यांत अंतर पडले. डोळ्यांनी जे दिसत होते ते आता विचाराने पाहावे लागते. आजोबांची नजर नातवाला पुन्हा मिळवून देणे, हेच ह्या विद्येचे काम आहे.

राहता राहिला खुर्च्यांचा प्रश्न. त्याचे गणित आम्ही मुद्दामच करीत नाही. यंदा व्याख्यानाच्या वेळी एखाद्या कार्यकर्त्याने वही-पेन्सिल घेऊन मंडपाच्या आत नव्हे, तर बाहेरच्या फाटकाशी उभे राहावे, आणि जे परत जातात त्यांना मोजावे. पुढच्या वर्षीचा आकडा तेथेच सापडेल.